बाटलीतला बांज

लग्नाकार्यात माझी ओळख करून द्यायची वेळ आली की सासूबाईंची पंचाईत व्हायची. धाकटी जाऊ शाळेत शिकवते, नणंद तहसीलमध्ये आहे. त्यांचं एका वाक्यात भागायचं. माझ्यापाशी येऊन गाडी अडायची. शेवटी त्या म्हणायच्या, "ही मोठी. बाटल्यांच्या कारखान्यात असते." समोरची बाई मला जरा निरखून बघायची आणि लाडूचं ताट दुसरीकडे सरकवायची.

बाटल्या होत्या हे खरं. नांदेडच्या बाहेर, अर्धापूरच्या वाटेवर केळीच्या बागा सुरू होतात तिथे आमची टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा होती. जॅमच्या बरणीएवढ्या काचेच्या बाटल्या, रॅकवर ओळीनं, जमिनीपासून छतापर्यंत. पण आत दारू नव्हती, केळीची पोरं होती.

धंदा सांगायला सोपा आहे. केळीच्या बुडाशी मुनवे फुटतात. चांगल्या बागेतला एक मुनवा आणायचा, कांदा सोलावा तसा सोलत जायचा, आतला तुरीच्या डाळीएवढा कोंब काढायचा. तो औषधात धुऊन बाटलीतल्या खिरीत ठेवायचा. खीर म्हणजे साखर, क्षार, थोडी संजीवकं आणि ते सगळं घट्ट धरायला आगर. कोंब तिथे बसून खातो आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतो. पुरेसे झाले की त्यांना मुळं फोडायची, बाटलीतून काढायचं, आणि हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावून शेतकऱ्याच्या हवाली करायचं. बस्स.

अडचण एवढीच, की कोंबाला जी खीर आवडते ती बुरशीलाही आवडते. म्हणून आमच्या मुलींना कामावर बांगड्या नाहीत, गजरा नाही, कुंकू नाही. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. समोर काचेचं कपाट, त्यातून गाळलेली हवा येणार, आणि तिथे बसून काम करताना बोलायचं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या दहाबारा बायका एका खोलीत गप्प बसतात हे बघायलाच आमचे मालक पाहुण्यांना घेऊन येत असावेत, असा मला संशय आहे.

या नोकरीचा एकच मानमरातब होता. वाढीच्या खोलीत बारा महिने गारवा लागतो. त्यामुळे मे महिन्यात माझ्या सासर-माहेरच्या लोकांना माझ्याबद्दल एकदम माया दाटून यायची. "वहिनी, तुमचं काम कसं चालतं ते बघायचं होतं," म्हणत दीर येऊन तिथे तासभर उभे राहायचे. बाटलीकडे एकदाही बघायचे नाहीत.

गिऱ्हाईकं एकेक नग. उमरीचे एक शेतकरी केळीची रोपं घेऊन गेले आणि पुढच्या महिन्यात तक्रार घेऊन हजर. "ताई, सगळी सारखीच वाढून राहिली."

"काका, सारखी वाढावीत म्हणूनच तर लोक टिश्यूची रोपं घेतात."

"ते ठीक हाय. पण सकाळी बागेत गेलं तर शिव्या कोणाला द्याव्या?"

दुसरे, लातूरचे एक क्लासवाले सर. त्यांना नव्या इमारतीपुढे लावायला शोभेची झाडं हवी होती. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास आणि चौकाचौकात फलक, आणि फलकांवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. सरांनी आमची वाढीची खोली बघितली आणि ते एकदम गंभीर झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे माणसात होतं का हो? आमच्याकडे एक पोरगी आहे, मागच्या वर्षी राज्यात आली."

"तिचं काय?"

"तिच्या पन्नास करायच्या." आणि हसले. पण डोळे हसत नव्हते.

मला त्यांना नावं ठेवायचा अधिकार नाही. आमचे चिरंजीव अभिजित तेव्हा लातुरातच एका खोलीत तिघांबरोबर राहून डॉक्टर होत होते. एक रविवार सोडून मी आणि आमचे हे नांदेडहून डबा घेऊन जायचो. धपाटे, शेंगाची चटणी, आणि 'अभ्यास कसा चाललाय' हा प्रश्न. तो पहिल्या दोन वस्तू घ्यायचा.

अशात एका सोमवारी सुभेदार मानेकाका आले.

सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा सरळ माणूस. खांद्याला फौजी हिरवी पिशवी. दारातच टाचा जुळवून म्हणाले, "जय हिंद. झाडाचं पोर बाटलीत करत्यात ते हितंच का?"

पिशवीतून त्यांनी ओलं गोणपाट काढलं आणि माझ्या टेबलावर उलगडलं. आत फांद्यांचे शेंडे होते. पानं वरून गर्द हिरवी, कडेला बारीक दात, आणि उलटी केली तर खालून राखाडी पांढरी, जणू भस्म फासलंय.

"कशाचं आहे हो?"

"बांज. साहेब लोक ओक म्हणायचे. कुमाऊंचा हाय."

मी हसले. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, म्हणजे ओक मी पुस्तकात बघितला होता. ओक आणि चेस्टनट हे एका कुळातले भाऊबंद, सगळे थंड मुलखातले. आमच्या मराठवाड्याशी त्यांचं सोयरसुतक नाही. मी पुस्तक काढलं, पान जुळवलं, आणि हसू आवरलं. बांजच होता.

काकांचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. पलटणीतून निवृत्त होऊन येताना कुमाऊंच्या छावणीतलं एक रोप त्यांनी डालड्याच्या डब्यात घालून आणलं, आगगाडीत मांडीवर धरून. घरामागे मोरीचं पाणी जायचं तिथे लावलं. बायको शेवंताबाई म्हणाल्या, "लोक परमुलखातून साडी आणत्यात. तुम्ही काय आणलंत, तर सरपण." पण धुण्याभांड्याचं पाणी रोज त्याच घालायच्या. झाड जगलं. आमच्या उन्हाळ्यात ते कसं जगलं हे मी आजही सांगू शकत नाही. त्याला फळ मात्र कधी धरलं नाही, त्यामुळे बी नाही. वारा आला की पानं उलटायची आणि सगळं झाड पांढरं व्हायचं. शेवंताबाई म्हणायच्या, "बघा, तुमचं झाड दात काढतंय."

मग भूकंप झाला. घर बसलं आणि त्यात शेवंताबाई गेल्या.

"झाडाचं एक पान पडलं न्हाई," काका म्हणाले. "मी राहिलो आन् ते राहिलं."

गावाला सरकारनं कोसभर लांब नवीन घरं दिली. माणसं हलली. झाड जुन्या गावठाणात एकटं. मोरी नाही, पाणी नाही. तेव्हापासून काका आधी सायकलवर आणि नंतर लुनावर पाण्याचे कॅन बांधून एक दिवसाआड जुन्या गावाला जात होते. आता गुडघे गेले होते.

"मी हाय तवर झाड हाय," ते म्हणाले. "माझ्या दारात त्याचं एक पोर पाहिजे. तेवढं करा."

गुटी बांधून झाली होती, मुळं आली नव्हती. कलम करायचं तर कशावर? अख्ख्या जिल्ह्यात दुसरा बांज नाही. फांद्या मातीत खोचून झाल्या होत्या. राहता राहिलो आम्ही, बाटलीवाले.

आमचे मालक भला माणूस, पण त्यांचा जीव केळीत. ते म्हणाले, "काका, कशाला एवढा खटाटोप? मी तुम्हाला डोंगरातनं दुसरं रोप मागवून देतो. एकाला दोन देतो."

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, शेवंता गेल्यावर लोक मला असंच म्हनले होते. दुसरी आणा म्हून."

मालकांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि मला म्हणाले, "बाई, घ्या करून. ट्रायल म्हणून घ्या."

आता माझी फजिती ऐका. केळीत माझा हात बसलेला होता, आणि हात बसलेल्या माणसाला वाटतं, सगळं जग केळीसारखंच आहे. बांजाचा कोंब कापून बाटलीत ठेवला की संध्याकाळपर्यंत काळा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसं. पण बांज म्हणजे तुरटपणाचा अर्क. नुसता कोंब काळा पडून थांबत नाही, आसपासची खीरही काळी करतो आणि आपल्याच काढ्यात बुडून मरतो. आमच्याकडे इस्लापूरची सुमन होती, कपाटावरची सगळ्यात चांगली मुलगी, आणि तोंडावरचं फडकं निघालं की सगळ्यात वाईट. ती बाटल्या उजेडात धरून म्हणाली, "मॅडम, चहा झाला. साखर आहेच. दूध टाकून देऊ का?"

कोळशाची पूड घालून बघितली. काळं पडू नये म्हणून औषधं घातली. कोंब रोज नव्या बाटलीत हलवले. त्या लिंबाएवढ्या कामासाठी माझ्या मुली अख्ख्या पंगतीचं पीठ मळावं तशा राबत होत्या. काका दर वेळी नवे शेंडे घेऊन यष्टीनं यायचे, आणि मी दर वेळी त्यांना पुढची तारीख द्यायचे, कोर्टासारखी.

एकदा ते म्हणाले, "मला बघू द्या तरी, ठेवता कुठं." मी त्यांना टोपी घालून वाढीच्या खोलीत नेलं. ते दोन्ही हात मागे बांधून रॅकमधून चालले, सलामी घेतल्यासारखे.

"उजेड किती वेळ?"

"सोळा तास."

"खाणं मोजून?"

"मोजून."

"बाहेर कवाच सोडायचं न्हाई?"

"बाहेर जंतू आहेत ना."

काकांनी मान हलवली. "माझा नातू लातुरात हाय. त्याला बी असंच ठेवलंय." थोडं पुढे जाऊन थांबले. "बाहेर काढल्यावर काय होतं?"

"सुरुवातीला फार नाजूक असतात. बाटलीत ओल इतकी असते की पानांना पाणी राखायची सवयच नसते. एकदम उन्हात ठेवलं तर तासाभरात माना टाकतात. म्हणून आधी प्लास्टिकच्या झाकणाखाली, मग सावलीत, मग थोडं ऊन."

"आन् ज्यांना न्हाई सोसत?"

त्या रविवारी मी अभिजितला अभ्यास कसा चाललाय ते विचारलं नाही. तो घाबरला. बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "आईची तब्येत बरी आहे ना?"

त्याच रविवारी, लातूरहून परतायच्या आधी, मी ह्यांना म्हटलं, "जरा किल्लारीकडे गाडी घ्या. ते झाड बघून येऊ." इतके दिवस मी फांद्या मागवत होते आणि झाडाचं तोंड बघितलं नव्हतं. सुनेला न बघता लग्न ठरवावं तसा प्रकार.

जुन्या गावात आता दगडांचे ढीग, त्यातून उगवलेल्या बाभळी, एखादी अर्धी भिंत आणि तिच्यात अजून शाबूत असलेला कोनाडा. आणि मधोमध बांज. फोन केला होता, त्यामुळे काका आमच्या आधीच लुना लावून उभे होते. खरं सांगते, आधी मला झाड दिसलंच नाही, त्याचा गणवेश दिसला. बुंध्याला छातीएवढ्या उंचीपर्यंत पांढराशुभ्र चुना, आणि त्याच्यावर गेरूचा लाल पट्टा. छावणीतल्या रस्त्याकडेची झाडं असतात तसा. आसपास काडी नाही, कचरा नाही. भोवती एकसारखे दगड, तेही चुन्यानं रंगवलेले. उद्ध्वस्त गावात एक झाड जणू कुणा जनरलच्या पाहणीची वाट बघत होतं.

"दर दिवाळीला करतो," काका म्हणाले.

मी बुडाशी वाकले. चुन्याखाली, अगदी जमिनीलगत, बुंध्याला गाठी गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीवर कापल्याच्या बारीक खुणा. घोटून दाढी केलेल्या हनुवटीसारखं दिसत होतं ते.

"काका, हे काय आहे?"

"ते होय? बुडातनं फुटवं येत्यात. हप्त्याला साफ करतो." त्यांची छाती किंचित पुढे आली. "लावल्यापासनं एक बी ठेवला न्हाई."

मी तिथल्याच एका रंगवलेल्या दगडावर बसले. आमच्या ह्यांना वाटलं ऊन लागलं. ते पाण्याची बाटली घेऊन धावले. आम्ही येणार म्हणून दगडांवर नुकताच हात फिरवलेला, चुना ओला होता. त्या साडीचं पुढे पायपुसणं केलं.

गोष्ट अशी आहे. माणसाचं वय पायापासून सुरू होतं, आधी गुडघे जातात. झाडाचं उलटं. वय त्याच्या शेंड्यात असतं, आणि बाळपण बुडात राहतं. शेंड्याचा कोंब दिसायला कोवळा, पण तो म्हाताऱ्या झाडाचा कोंब. त्याला बाटलीत नवा संसार मांडायचा उत्साह नसतो. जमिनीलगतचा फुटवा मात्र खरा पोर असतो. बांजासारख्या हट्टी झाडात फुटवा मिळाला तरच काही आशा. आणि मी नांदेडहून निरोप धाडत होते, 'काका, शेंडे आणा, चांगले वरचे आणा,' आणि काका चांगले वरचे शेंडे नांदेडला आणून, परत जाऊन, बुडातले फुटवे काटेकोरपणे छाटून उकिरड्यावर टाकत होते. आम्ही दोघंही आपापल्या कामात अगदी चोख होतो.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका गाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ती सांगायची."

"कोण?"

"शेवंता. म्हनायची, उगवतंय तर उगवू द्या की, तुमचं काय खातंय? मी म्हनायचो, शिस्त पाहिजे. ह्याच्यावरनं लई भांडणं झाली आमची. एकदा दोन दिवस बोलली न्हाई."

"दोनच?" आमचे हे म्हणाले. मी बघितल्यावर पाण्याची बाटली बंद करायला लागले.

मी आदेश दिला, की आजपासून कात्री बंद. दिसायला सोपा आदेश, पण त्या माणसाला तो फार जड गेला. त्यांचे फोन यायचे. "रिपोर्ट. तीन फुटवं आलं. झाड लई गबाळं दिसतंय, मॅडम. भिकाऱ्यावानी." मी म्हणायचे, दिसू द्या. "शेळ्या तोंड लावत्यात." कुंपण करा. दुसऱ्या दिवशी, "रिपोर्ट. बोराट्या टाकल्या. आता तर अजून गबाळं दिसतंय."

फुटवे वीतभर झाले तेव्हा मी स्वतः जाऊन कापून आणले. ते काळे पडले, पण मेले नाहीत. कमी क्षारांची खीर लागली, पहिले काही दिवस रोज बाटली बदलावी लागली, आणि मग एका सकाळी सुमननं आरोळी ठोकली, बोलायचं नाही हा नियम मोडून: "मॅडम, हिरवं हाय!"

पुढची अडचण म्हणजे पोर जगलं, पण एकाचे दोन होईना. उभं राहून नुसतं बघत बसायचं. शेवटी कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि कोंब खिरीवर आडवे निजवले. आडवं पडलं की अंगावरचे सगळे डोळे फुटतात. सुमन म्हणाली, "माझा नवरा लगन झाल्यापासून आडवाच पडून राहिला. त्याचे डोळे कधी फुटतील?" त्या दिवशी खोलीतली सगळी कामं बुरशीच्या हवाली झाली असणार, कारण सगळ्या हसत होत्या, तोंडावरची फडकी सुटेपर्यंत.

मुळं फुटली. थोड्यांनाच, पण फुटली. मी काकांना फोन केला. पलीकडे टाचा जुळल्याचा आवाज झाला. मग, "ठीक."

ते वर्ष म्हणजे लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं ते. काकांच्या गावाला टँकर यायचा आणि बायका भांडी घेऊन पहाटेपासून रांगेत. एके दिवशी त्यांचा रिपोर्ट आला, नेहमीच्याच आवाजात. "झाडाचं पाणी बंद केलं."

"कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? गावात मला समदे भ्यात्यात. पण लेकरं प्याया रांगेत उभी, आन् मी कॅन भरून झाडाला न्यायचा? मलाच बरं वाटंना." मग विचारलं, "पोरांचं काय?"

मी म्हटलं, चांगली आहेत. अर्धं खरं होतं. पोरं बाटलीतून बाहेर काढायची वेळ झाली होती, आणि बाहेर मराठवाड्याचा उन्हाळा. केळीला सोसतो; हे कुमाऊंचं बाळ. झाकणाखाली ठेवली, धुकं सोडणाऱ्या नळ्या लावल्या, वर दुहेरी जाळी. मग वीज गेली ती दिवसभर. आम्ही हातपंपानं पाणी फवारत बसलो. मालकसुद्धा, सदऱ्याच्या बाह्या वर करून. केळीची रोपं उघड्यावर तशीच सोडून तो माणूस त्या बोटभर बांजांवर पाणी मारत होता. संध्याकाळी मोजायची हिंमत कुणाला झाली नाही. सकाळी चार उभी होती.

पावसाळा आला तेव्हा जुन्या गावातला बांज वाळला होता. पान नाही, साल सुटलेली. चारातली आणखी दोन रोपं आमच्याकडेच मेली. उरलेल्या दोनांतलं एक मी काकांना दिलं. एक मागे ठेवलं, हमी म्हणून. ते त्याच हिवाळ्यात गेलं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

न्यायला ते स्वतः आले. गाडीनं पोचवते म्हटलं तर नको म्हणाले. यष्टीत पुढच्या सीटवर कुंडी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला म्हणे, "आजोबा, ह्याचं हाफ घेऊ का?"

"काय म्हणालात मग?"

"म्हनलं, फौजी वारंट हाय, तिकीट लागत न्हाई."

आमच्या प्रयोगशाळेनं त्यानंतर कधी बांज केला नाही. पुन्हा जमला असता की नाही, देव जाणे. मला तर वाटतं आमच्या हातून ते एकदाच, चुकून बरोबर झालं. या एका झाडापायी वाया गेलेल्या खिरीत केळीच्या किती बागा उभ्या राहिल्या असत्या, हा हिशेब मालकांनी कधी मांडला नाही, हे त्यांचे उपकार. अभिजितचा नंबर लागला नाही. घरी आला तेव्हा पांढराफटक, पाठीत वाकलेला. सासूबाई लगेच "आता पुढे काय?" म्हणून बसल्या, तर मी म्हटलं, याला आधी काही दिवस सावलीत ठेवू, मग थोडं ऊन. त्यांना वाटलं बाटल्यांच्या कारखान्यानं सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला. आता तो शेतांवर सौर पंप बसवत फिरतो, दिवसभर रखरखीत उन्हात. काळा ठिक्कर पडलाय. बघून बरं वाटतं.

मी निवृत्त झाले तरी काकांचे रिपोर्ट थांबले नव्हते. कमरेएवढं झालं. छातीएवढं झालं. वाऱ्यात दात काढायला लागलं. मग गेल्या दिवाळीच्या आठवड्यात एक फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता, जरा चोरटा.

"मॅडम, बुडातनं फुटवा आलाय."

"बरं मग?"

"कात्री घेऊन सकाळपासनं बसलोय."

त्यांच्या बाजूनं कुठेतरी कोंबडा आरवला, एक लुना गेली.

"ठेवली कात्री," ते म्हणाले. "आत नेऊन ठेवली. उगवतंय तर उगवू द्या."

"छान केलंत."

"लई गबाळं दिसणार."

"दिसू दे हो, काका."

"चुना तरी लावू का? थोडा?"

"खोड अजून कोवळं आहे. आळ्याभोवतीच्या दगडांना लावा."

"ते कवाच लावलाय," काका म्हणाले. "गेरू बी."